पालीच्या शेताची चतुःसीमा

मी निवृत्त झालो तेव्हा जावयांनी मला एक कॅमेरा दिला. साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात सहज मावेल असा, आणि त्याला काम एकच: व्हिडिओ काढणं. मधोमध लाल बटण. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. बाजूला एक त्रिकोण, म्हणजे काढलेलं बघायचं, आणि एक कचऱ्याच्या डब्याचं चित्र, म्हणजे पुसून टाकायचं. आत दोन पेन्सिल सेल घातले की झालं. "बाबा, तुम्हाला जमेल असाच आणलाय," असं जावई म्हणाले तेव्हा मला थोडा रागच आला होता. सगळी नोकरी मोजणी खात्यात काढलेला माणूस मी. भोर आणि वेल्हे तालुक्यातली खाचरं, ओढे, डोंगरउताराची पडीक रानं साखळीनं मोजली, फळीवर नकाशे काढले, आणि मला जमेल म्हणून एका बटणाचं यंत्र! पण राग फार टिकला नाही. आठवडाभरात तो कॅमेरा माझ्या खिशात चष्म्याच्या शेजारी जाऊन बसला.

बायकोनं त्याचं नाव डबी ठेवलं. ती पालीची, राजगडाच्या पायथ्याच्या पालीची. लग्न होऊन भोरला आली, उभा संसार इथे केला, पण बोलणं तिनं माहेरचंच ठेवलं. सुरुवातीला मी तिला सुधारायला जायचो. "म्या नाही, मी म्हणायचं." ती म्हणायची, "बरं, मी. आता जेवायला चला, म्या कवाची वाट बघतीय." मग मी तो नाद सोडला.

आता मी काय काढायचो ते सांगतो, कारण ते ऐकून माझी मुलगी अजूनही कपाळावर हात मारते. जमिनीचा कुठलाही कागद उघडा, त्यात चतुःसीमा दिलेली असते. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय. जमीन ओळखायची ती तिच्या चार बाजूंना काय आहे त्यावरून. इतकी वर्षं हेच केल्यावर मला दुसरं काही सुचेना. मी मधोमध उभा राहायचो, डबी छातीशी धरायचो, बटण दाबायचो आणि मोठ्यानं सांगायचो: "सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ठिकाण भोर, राहत्या घराची गच्ची. पूर्वेस शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. दक्षिणेस गल्ली आणि पलीकडे पिठाची गिरणी. पश्चिमेस नदीकडची झाडं. उत्तरेस डोंगर, आज ढगात." एकेका दिशेला थोडं थांबत, उजवीकडे वळत, पूर्ण फेरा. बटण बंद. झाली नोंद.

अशा नोंदी मी रोज करायचो. एसटी डेपोची चतुःसीमा. बाजार उठल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेची चतुःसीमा. भाटघरच्या पाण्याची, उत्रोलीच्या भातखाचरांची, आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची. होय, कुरडयांचीसुद्धा. पूर्वेस कठडा, दक्षिणेस जुनी सायकल. जावयांना वाटलं होतं मी नातेवाइकांचे हसरे चेहरे टिपेन. माझ्या एकाही नोंदीत माणूस नव्हता.

याला कारण होतं. नोकरी नवी असताना एका वादाच्या बांधाचे फोटो काढायला मला पाठवलं होतं. दोन भावांचा बांध. मी फोटो काढला तेव्हा थोरला तिथे विळा घेऊन उभा होता, सहज, बघायला आलेला. पुढे तोच फोटो त्याच्या वकिलानं कोर्टात लावला, की बघा, बांधावर आमच्या अशिलाची वहिवाट आहे, सरकारी फोटोतच दिसतंय. धाकट्याच्या बायकोनं माझ्या दारात येऊन शिव्या घातल्या. साहेबांनी मला समोर उभं करून बजावलं की यापुढे तुझ्या कुठल्याही फोटोत माणूस दिसता कामा नये. तेव्हापासून "बाजूला व्हा" हे दोन शब्द माझ्या तोंडात कायमचे बसले. शेतकऱ्याला, सरपंचाला, एकदा तर पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही मी ते म्हटलं होतं. आणि न पाहता कधी काही लिहिलं नाही, हा माझा दुसरा नेम. जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिलं तेवढंच कागदावर. झाडाखाली बसून पंचनामे उरकणारे पुष्कळ पाहिले, मी त्यातला नव्हतो. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

बायकोला "बाजूला हो" पहिले काही दिवस सांगावं लागलं. मग तिनं स्वतःच एक तोड काढली. मी डबी वर केली की ती हातातलं काम ठेवून माझ्या पाठीमागे येऊन उभी राहायची आणि मी वळेन तशी माझ्यामागून वळायची. मी दक्षिणेला, ती माझ्या पाठीशी. मी पश्चिमेला, तरी ती पाठीशी. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा तिचा फेरा माझ्याभोवती पूर्ण व्हायचा. शेजारीण एकदा गच्चीवरून बघत होती, ती हसून हसून बेजार झाली. बायकोही हसायची. म्हणायची, "काय करता, सायबांचा दरारा."

तरी कधी चुकून ती मध्ये यायची. तसं झालं की मी ती नोंद पुसून टाकायचो. एकदा उन्हाळ्यात ती ताटभर पापड्या घेऊन जिन्यावरून वर आली आणि थेट पश्चिमेत उभी राहिली. डोक्याला टॉवेल बांधलेला, तोंडात पापडीचा ओला तुकडा. मला बघून तशीच थबकली. "बाद झाली," मी म्हणालो. ती म्हणाली, "पुसा, पुसा. मेली मी तरी कशाला मधी तडमडले." मी तिच्या देखत कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं. यंत्र विचारतं, नक्की पुसायचं का. मी हो केलं. अशा किती पुसल्या ते मला सांगता येणार नाही.

तिनं माझ्याकडे त्या डबीचं एकदाच काही मागितलं. दसरा होऊन गेला होता, तिच्या माहेरची भातं पिवळी पडायला लागली होती. आम्ही भेटायला निघालो. वेल्ह्याच्या गाडीत खिडकीशी बसून ती म्हणाली, "माझं बी एक काढा की. आमच्या रानात, आंब्याखाली. पोरीला दावायला. मला बाजूला व्हा म्हणू नका." आंबा म्हणजे त्यांच्या पश्चिमेच्या बांधावरचा. लहानपणी वडलांची भाकरी घेऊन ती रानात जायची आणि त्यांचं जेवण होईतो त्या आंब्याखाली बसायची. मी म्हटलं, काढू.

दुपार कलल्यावर आम्ही दोघंच रानात गेलो. तिनं पदर नीट केला, कपाळाचा घाम पुसला आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिली, शाळेच्या फोटोत उभी राहतात तशी. मी शेताच्या मध्यभागी गेलो. बटण दाबलं आणि वेळ, ठिकाण सांगून पूर्वेपासून सुरुवात केली. तिच्यापासून का नाही केली, असं आज कुणीही विचारेल. चतुःसीमा पूर्वेपासून सुरू होते म्हणून. फेरा पूर्ण झाल्यावर तिनं विचारलं, "आले का मी?" मी म्हटलं, "आलीस, आलीस." आम्ही घरी जाऊन चहा प्यालो आणि शेवटच्या गाडीनं भोरला परतलो.

दिवाळीच्या आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं. संक्रांत तिनं पाहिली नाही. शेवटच्या दिवसांत ती फार बोलत नसे, पण एकदा माझा हात धरून म्हणाली, "त्ये पालीचं पोरीला दावा. डबीत हाये म्या." मी हो म्हटलं. तिला 'मी' म्हण असं त्या दिवशी सांगावंसं वाटलं नाही.

तेराव्यानंतर मुलगी पुण्याला निघाली तेव्हा तिनं बॅग भरता भरता विचारलं, "बाबा, आईचं तुमच्या कॅमेऱ्यात काही आहे का?" मी म्हटलं, आहे, पालीचं आहे. ती म्हणाली, "आत्ता नको. मला बघवणार नाही. पण जपून ठेवा." मी डबीतले सेल काढले, कारण सेल आत राहिले की गळतात, आणि मोजणीची जुनी वही असते त्या खणात, कापडी पिशवीत ती ठेवून दिली. पालीहून आल्यावर दवाखान्याच्या धावपळीत एकही नोंद झाली नव्हती, त्यानंतरही केली नाही.

या गोष्टीला आता दहाएक वर्षं झाली. मी भोरलाच राहिलो. मुलगी बोलावते, पण पुण्यात मला दिशा कळत नाहीत, उंच इमारतींत सूर्य कुठून निघतो तेच समजत नाही. सकाळी चहा एक कप. तो एका कपाचा अंदाज यायला मला वर्ष लागलं, रोज थोडा उरायचा. दुपारी खाणावळीचा डबा येतो. संध्याकाळी डेपोत जाऊन बसतो, महाडची गाडी आली की नाही ते बघतो, मला कुठेही जायचं नसताना. असे कितीतरी दिवस जातात की डबेवाल्याला "ठेव तिथं" एवढंच मी बोललेलो असतो. एकटेपणाला माणूस सरावतो म्हणतात. मी सरावलो नाही. मी फक्त तक्रार करायचं सोडलं.

पण एक आधार होता. ती खणात आहे, हे मला ठाऊक होतं. कपड्यांचं कपाट उघडताना त्या खणाकडे नजर जायची आणि बरं वाटायचं. उघडून बघावंसं कितीदा वाटलं, पण बघितलं की ते संपेल, अशी काहीतरी भीती होती. न बघता ती तिथे पुरी होती. मुलीच्या लग्नाची सीडी आमच्याकडे होती म्हणा, पण तिच्यात बायको नुसती शालू नेसून इकडून तिकडे जाते, आणि त्या शूटिंगवाल्यानं सगळ्यांचे आवाज काढून वर सनई भरलेली. पुढे ती सीडीही अडकायला लागली. मुलीचा त्या काळचा मोबाईल कधीच पाण्यात पडून गेला होता. फोटो होते, भिंतीवरही एक आहे. पण हलणारी, बोलणारी ती फक्त पालीच्या नोंदीत होती.

गेल्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. माझी नात, ती आजी गेल्यावर जन्मलेली, आता नऊ वर्षांची. तिनं आईला विचारलं होतं की आजी बोलायची कशी. मुलीनं नक्कल करून दाखवायचा प्रयत्न केला आणि तिला तो आवाज काही केल्या आठवेना. फोनवर ती रडत होती. "बाबा, आम्ही शनिवारी येतोय. आता मी बघू शकेन. ते पालीचं काढून ठेवा." मी म्हटलं, ये, सगळं तयार ठेवतो.

फोन झाला तो गुरुवार होता. मी स्टँडसमोरच्या दुकानातून सेल आणले, घालून बटण दाबलं, आणि इतक्या वर्षांनी तो लहानसा पडदा निळा झाला. मला यंत्राचं कौतुक वाटलं. पालीची नोंद सगळ्यात शेवटची. पण मी शिस्तीचा माणूस, म्हटलं पहिल्यापासून बघत जाऊ. खिडकीशी खुर्ची ओढली आणि बसलो.

गच्ची. डेपो. भाटघर. उत्रोली. गच्ची. एकामागून एक रिकाम्या जागा, आणि त्यांवर माझा खणखणीत आवाज. मला माझाच कंटाळा आला. मग चार-सहा नोंदी झाल्यावर लक्षात आलं की आवाज फक्त माझा नाही. मी "दक्षिणेस" म्हणतो, आणि कुठेतरी मागे जोडव्यांचा फरशीवर बारीक आवाज होतो. "पश्चिमेस" म्हटलं की परत. एका नोंदीत ती खोकला दाबते. एकीत कुणाला तरी हळूच सांगते, "थांबा, त्येंचं चाललंय." मी आवाज मोठा केला आणि परत पहिल्यापासून लावलं. सबंध दुपार मी चित्र न बघता ती जोडवी ऐकत बसलो. डबा दाराबाहेर तसाच राहिला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पालीपर्यंत आलो. त्रिकोण दाबला.

पूर्वेस गडाची रांग. तिच्यापुढे पिवळं भात, वाऱ्यानं हलणारं. चित्र उजवीकडे सरकायला लागतं आणि त्याच वेळी दूरवर वाळलेल्या पानांवर पावलं वाजतात. दक्षिणेस ओढा. पावलं आता बांधावरून खाली उतरून भातातून येतात, घाईनं, कुणी वेळ चुकू नये म्हणून यावं तशी. मग पश्चिम. सूर्य समोर आल्यामुळे चित्र पांढरं होतं, पुन्हा ठीक होतं, आणि आंब्याचं झाड दिसतं. झाडाखाली कुणी नाही. माझा आवाज शांतपणे सांगतो, "पश्चिमेस आंब्याचं झाड. झाडाखाली आमच्या सौभाग्यवती उभ्या आहेत." चित्र पुढे सरकतं. उत्तरेस गावाची घरं. आणि माझ्या अगदी पाठीशी, धाप लागलेला तिचा आवाज, "आले का मी?" आणि माझा आवाज, "आलीस, आलीस."

मी ते कितीदा पाहिलं कोण जाणे. दर वेळी मला वाटायचं की या खेपेला ती झाडाखाली असेल. ऊन डोळ्यांवर होतं हे खरं, पडदा दिसत नव्हता हेही खरं. पण मान वर करून झाडाकडे बघायला पडदा लागत नाही. मी बघितलं नाही. ती तिथे उभी आहे असं धरून मी बोललो. आणि तिचे पाय, ज्यांना मीच एवढी वर्षं शिकवलं होतं, ते डबी फिरायला लागल्याबरोबर आपोआप माझ्या पाठीमागे यायला निघाले. तिला कळलंही नसेल. म्हणून तर तिनं विचारलं.

त्या संध्याकाळी मी डेपोत गेलो नाही. मला तिची इतकी आठवण आली की घरात कुठल्याही खोलीत उभं राहता येईना. आणि शनिवारी मुलीला काय सांगायचं ते सुचेना. एकदा मनात आलं, सांगावं की यंत्र बिघडलं. दहा वर्षांचं जुनं, कुणालाही पटलं असतं. मनात हे आलं होतं, ते इथे नोंदवून ठेवतो.

शुक्रवारी सकाळी मी डबी खिशात घातली आणि पाली गाठली. नसरापूरहून वेल्ह्याची गाडी, पुढे फाट्यावरून वडापची जीप. जीपमध्ये गडावर निघालेली चार पोरं होती, पाठीवर सॅक, हातात मोबाईल, चौघंही स्वतःचंच शूटिंग काढत होती. एरवी मी त्यांना काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला.

मेहुण्याच्या बायकोनं मला दारात पाहिलं आणि हातातला झाडू टाकून पुढे आली. "दाजी, असं अचानक? काय निरोप न्हाई, काय न्हाई." मी म्हटलं, रान बघून यावंसं वाटलं. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. चुलीशी बसून म्हणाली, "त्या टायमाला वन्सं आल्या व्हत्या न्हवं, शेवटच्या, तवा रानातनं आल्या आन् मला म्हनल्या, वैनी, ह्यांनी माझं शूटिंग काढलं. लई खुशीत व्हत्या. दोनदा सांगितलं मला." मी चहाचा कप खाली ठेवला. तिला वाटलं चहा गोड झाला.

रानात भात नव्हतं, उन्हाळ्यातली नुसती धसकटं. आंबा होता, कैऱ्यांनी वाकलेला. मी मध्यभागी उभा राहिलो, डबी वर केली. वेळ सांगितली, ठिकाण सांगितलं. पूर्वेस गडाची रांग. मग वळायला लागलो आणि मला ऐकू आलं की धसकटांवर एकाच माणसाचे पाय वाजतायत. दक्षिणेला थांबलो, मागे शांत. पश्चिमेला वळलो. झाडाखाली कुणी नव्हतं, आणि या वेळी मी नीट डोळे उघडून पाहिलं. "पश्चिमेस आंब्याचं झाड," म्हणालो, आणि पुढे "झाडाखाली कुणी नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द काही निघाले नाहीत. उत्तर दिशा सांगायची तशीच राहिली. बटण बंद करून मी झाडाखाली जाऊन बसलो, जीपची वेळ होईपर्यंत.

शनिवारी मुलगी आणि नात आल्या. जेवणं झाल्यावर मुलीनं हात धुतले, पदर खोचावा तशी ओढणी बांधली आणि पलंगाच्या कडेला बसली. "लावा बाबा." यंत्र बिघडलं असं सांगायला ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "आधी ऐक. आई दिसत नाही त्यात. आवाज आहे." ती म्हणाली, "पण तुम्ही तर म्हणाला होतात." "म्हणालो होतो," मी म्हटलं, "मी बघितलं नव्हतं."

तिनं डबी माझ्या हातातून घेतली आणि त्रिकोण दाबला. नात तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. गड आला, ओढा आला, रिकामा आंबा आला, माझा तो पंचनामा आला. मग आवाज आला. "आले का मी?" मुलीच्या तोंडून एक हुंदका निघाला आणि तिनं डबी कानाशी धरली, फोन धरतात तशी. "हाच," ती म्हणाली. "हाच होता. अशीच बोलायची." परत लावलं. परत लावलं. चौथ्या-पाचव्या वेळी नातीनं आजीच्या आवाजात आवाज मिसळून म्हणून पाहिलं, "आले का मी?" तो हेल तिला बरोबर जमला.

मुलगी डोळे पुसायला आत गेली तेव्हा नात माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. "आजोबा, आजी कुठे उभी होती मग?"

"माझ्या पाठीमागे."

"आणि तुम्ही मागे न बघताच आलीस म्हणालात?"

"हो."

ती थोडा वेळ डबी उलटसुलट करून बघत राहिली. मग तिनं ती माझ्यासमोर धरली आणि लाल बटण दाबलं. मी उठलो आणि बायकोच्या सवयीनं नातीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.